चोवीस चाकांची गाडी

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. सकाळी ९.१५

गांधीजयंती आणि दसरा एकाच दिवशी. एक सुट्टी फुकट गेली, पण मुहूर्त डबल मिळाला. आम्ही कॅथलिक असलो तरी चांगल्या मुहूर्ताला नाही कशाला म्हणायचं? आज सुरुवात.

काम: सेंच्युरियन रणगाड्याचं प्लास्टिकचं मॉडेल. खऱ्याचा पस्तिसावा हिस्सा. खोका काल आला. मर्सीला वाटलं, मी परत बूट मागवले. बायकोला माझ्या प्रत्येक खोक्यात बूटच दिसतात.

कारण एकदाच नीट लिहून ठेवतो, म्हणजे मध्ये उत्साह गेला तर वाचता येईल. मर्सीचे वडील, आमचे पप्पा, एकाहत्तरच्या लढाईत सेंच्युरियनचे ड्रायव्हर होते. १६ डिसेंबरला विजय दिवस. दर वर्षी त्या दिवशी ते कोट चढवून, पदकं लावून व्हरांड्यात बसतात. यंदा ऐंशी पूर्ण झाली. गास गावातलं घर बंद करून वर्षभर आमच्याकडे पापडीला आहेत. डॉक्टर म्हणाले की विसरणं आता वाढतच जाणार. म्हणजे वेळ कमी.

दुसरं कारण. २००३ साली आमच्या लग्नात टोस्ट उचलताना पप्पा म्हणाले होते, 'डेरिक सुरुवात चांगली करतो.' मांडवातली चारशे माणसं हसली. मी पण हसलो, टाळ्या वाजवल्या. अर्थ दोन दिवसांनी लक्षात आला.

तेव्हापासून माझी परिस्थिती: अर्धी प्लास्टर केलेली विहीर, मासे आणायचा राहिलेला फिशटँक, तीन कॉर्डपर्यंत आलेली गिटार. ही कामं बंद पडलेली नाहीत. पेंडिंग आहेत. पण पप्पांना फरक समजत नाही.

तर १६ डिसेंबरला त्यांच्या हातात पूर्ण झालेला रणगाडा ठेवायचा आणि एकदा 'शाबास, डेरिक' ऐकायचं. डेरिक कोण हे त्यांना माहीत असेपर्यंत. बाकी काही नको.

प्लॅन: जोडणी १२ ऑक्टोबरपर्यंत. रंग ऑक्टोबरअखेर. मग वेदरिंग, म्हणजे गाडी लढून आल्यासारखी दिसावी म्हणून धूळ, गंज, चिखल लावणं. मी विमा कंपनीत गाड्यांचे क्लेम बघतो. गाडी कुठे, किती आणि कशी खराब झाली हे वीस वर्षं रोज बघतोय. वेदरिंग मला शिकायचीही गरज नाही.

रोज एक तास. रविवारी चार. डिसेंबरचे पहिले पंधरा दिवस नुसते कौतुकासाठी राखीव.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज काम नाही. सूचनापत्रक वाचलं. समजून घेणं म्हणजे अर्धं काम.

५ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ४

चर्चला मिस्सा, मग मटण, मग झोप. चार तासांपैकी दीड उरला. चाकं जोडायला घेतली. एका बाजूला सहा जागा, प्रत्येक जागी दोन, म्हणजे दोन्हीकडची मिळून चोवीस चाकं. खोक्यावरच्या चित्रात इतकी वाटत नाहीत.

अंगठा आणि चाक एकमेकांना चिकटले. सोडवताना वरच्या झाकणाची कडी चिमट्यातून उडाली. मिलिमीटरभर वस्तू. टेबलाखाली तासभर शोधली.

ब्रिटनी (मुलगी, कॉलेजात, टीका करण्यात एक्सपर्ट) म्हणाली की डॅडी, तुम्ही टेबलाखाली जास्त वेळ असता. मी परत टेबलाखाली गेलो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कडी सापडली. बोंबलाच्या चटणीत. मर्सीच्या दाताखाली.

१२ ऑक्टोबर, रविवार

जोडणी पूर्ण होण्याची तारीख. पूर्ण नाही, पण आज फार महत्त्वाची प्रगती. इंटरनेटवर मॉडेलवाल्यांचा एक ग्रुप आहे, जगभरचे लोक. त्यातला एक जर्मन फार मोठा माणूस. तो म्हणतो की स्वच्छ रणगाडा हे नवशिक्याचं लक्षण. खरी कला घाणीत आहे. लागोपाठ अकरा व्हिडिओ बघितले. संध्याकाळी इतका थकवा आला की जणू अकरा रणगाडे मीच रंगवले.

मर्सी म्हणाली की जर्मनाला कशाला विचारता, ती गाडी चालवलेला माणूस दहा पावलांवर व्हरांड्यात बसलाय. तिला समजावलं की हे सरप्राइज आहे. शिवाय प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवायचा नसतो. आमच्या क्लेममध्ये सगळेच प्रत्यक्ष पाहणारे असतात.

१९ ऑक्टोबर, रविवार

हिरवा कोणता, हा प्रश्न. ग्रुपवर विचारलं. त्रेचाळीस उत्तरं, सात प्रकारचे हिरवे. दोघांचं भांडण झालं, एकाने ग्रुप सोडला.

शेवटी सहज गप्पा मारतोय असं दाखवून पप्पांकडे विषय काढला. तुमच्या गाडीचा रंग कोणता होता? पप्पा म्हणाले, हिरवा. मी म्हणालो, हो, पण कसला हिरवा? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले की स्टोअरमधून जो डबा यायचा तो.

नोंद: स्मरणशक्ती खरोखर कमी होतेय.

२६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११

जोडणी पूर्ण!! चौदा दिवस उशीर, पण राखीव वेळ होताच.

आता प्रायमर, म्हणजे रंगाच्या खालचा करडा थर. स्प्रेचा डबा. घरात वास होतो म्हणून मागच्या वाडीत केळींमध्ये स्टूल मांडलं. हवा दमट, आभाळ भरलेलं, पण डब्यावर दमट हवेबद्दल जे लिहिलंय ते फार बारीक अक्षरात आहे.

दुपारी ३

रणगाडा पांढुरका झाला. त्यावर दूध सांडल्यासारखं दिसतंय. वारा फिरला तेव्हा मर्सीच्या दोन चादरी आणि केळीचा एक घड करडा झाला. शेजारचा एरॉल कंपाउंडवरून डोकावून म्हणाला की हा कुठला नवीन रोग, आपल्या केळींनाही लागेल काय? एरॉल दर नाताळात गल्लीचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, बांधतो, धबधब्यासकट, आणि पंधरा डिसेंबरला हात धुऊन मोकळा होतो. अशा माणसांना मनाची घालमेल कळत नाही. मी म्हणालो, बुरशी आहे, औषध मारलंय.

संध्याकाळी तो खरंच औषध मारून बसला.

२ नोव्हेंबर, रविवार

सर्व मृतांचा दिवस. पप्पांना गासच्या सिमेट्रीत नेलं. मम्मींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, कबरीवर झेंडू, मेणबत्त्या, सगळं मर्सीने नीट केलं. पप्पा टोपी काढून उभे राहिले. प्रार्थना झाली. मग त्यांनी मर्सीला विचारलं की इथे कोण आहे?

मर्सीने क्रॉसवरचे झेंडू बाजूला केले. पप्पांनी वाकून क्रॉसवरचं नाव वाचलं, अक्षर अक्षर लावून. मग म्हणाले, 'हां. लुसी.' आणि टोपी घातली. येताना रिक्षात मर्सी बाहेर बघत होती. तिचा हात धरायला हवा होता, पण माझ्या मांडीवर मेणबत्त्यांचा डबा होता.

घाई करायला हवी. फार घाई करायला हवी. घरी आल्या आल्या बसलो. एक चाक रंगवलं. अजून तेवीस.

९ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ६

आठवडाभर रोज एक तास बसलो. खरंच बसलो! प्रायमर घासून परत मारला, ऊन बघून. हिरवा मीच मिसळला, ग्रुपला न विचारता. चोवीस चाकं, साखळ्या, बुरूज, तोफ, सगळं हिरवं. चटणीतली कडीसुद्धा जागेवर. आज संध्याकाळी टेबलावर ठेवून बघितला. सुंदर दिसतो.

मर्सी स्वयंपाकघरातून पीठ लागलेले हात घेऊन आली आणि कितीतरी वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली की डेरिक, झालंय हे. आत्ता द्या पप्पांना. आज त्यांचा दिवस चांगला आहे, सकाळी माझ्या आत्येबहिणींची नावं घेतली सगळ्यांची.

मी हसलो. बिचारीला काय माहीत. हा आत्ता नवीन कोरा, शोरूममधून आल्यासारखा. जर्मन बघेल तर तोंड फिरवेल. अजून वेदरिंगला हातही लावलेला नाही. तिला सांगितलं की ही तर सुरुवात आहे.

मर्सी म्हणाली, 'हो ना.' आणि पोळ्या करायला गेली. मी रणगाड्यावर टोपली झाकून ठेवली.

१६ नोव्हेंबर, रविवार

एक महिना शिल्लक. आज टवके. युक्ती अशी: रंगावर हेअरस्प्रे मारायचा, जाडं मीठ चिकटवायचं, वरून दुसरा रंग द्यायचा, मग पाण्याने मीठ काढायचं. मीठ निघतं तिथला रंग उडतो. खरे टवके!

हेअरस्प्रे ब्रिटनीचा. मीठ स्वयंपाकघरातलं, इथल्याच मिठागराचं. जर्मन कुठलं मीठ वापरतो कोण जाणे, आमचं मीठ सुकेचना. दुपारपर्यंत त्याला पाणी सुटलं आणि ते आपल्या मर्जीने रणगाड्यावरून चालू लागलं. काढायला बाथरूममधला एक जुना ब्रश घेतला. घासलं. टवके आले. मग आणखी आले. डाव्या बाजूचा हिरवा निम्मा गेला, खालचा करडा उघडा पडला.

ब्रिटनीच्या मैत्रिणीचं लग्न आज होतं. हेअरस्प्रे संपलेला. जोआनाच्या लग्नात मी झाडूसारखी उभी राहू का, असं तिने विचारलं. ब्रशही जुना नव्हता. पप्पांचा होता.

दोन्ही गोष्टी भरून देता येतील. टवके मात्र जरा जास्त वाटतात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

टवके जास्त नाहीत. गंज कमी आहे. गंज दिला की टवके शोभतील.

२३ नोव्हेंबर, रविवार

गंज दिला. तांबूस, मग नारिंगी, मग काळपट. आता टवके दिसत नाहीत. रणगाडाही कमी दिसतो. फोटो ग्रुपवर टाकला. जर्मनाने विचारलं की हा समुद्राच्या तळातून काढलाय का? इतका मोठा माणूस, पहिल्यांदाच मला उत्तर दिलं. स्क्रीनशॉट घेऊन ठेवला.

मर्सीने टोपली उचलून बघितलं आणि परत ठेवली. म्हणाली की भंगारवाला गुरुवारी येतो, टेबलावर मोकळा ठेवू नका.

पप्पा आज मला दोनदा 'अरे पोरा' म्हणाले. नाव घेतलं नाही. पण लाडाने म्हणाले असतील.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी १

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. मर्सीने विचारलं की घरचा गोठा यंदा कोण करणार, गोठ्यातल्या हिरवळीसाठी नाचणी कधी पेरायची? म्हटलं, सतरा तारखेनंतर मी मोकळाच आहे. ती म्हणाली की मोकळे तुम्ही बावीस वर्षं आहात.

सकाळी मिस्सेनंतर स्कूटर काढून गासला गेलो. चिखलासाठी. ग्रुपवाले विकतचा चिखल बाटलीतून लावतात. मी म्हटलं, खऱ्या सैनिकाच्या गाडीला खरी माती. पप्पांच्या शेतातलीच घेतली, खालच्या तुकड्यातली, खाडीकडच्या. पिशवीभर. शेत कसणारा पप्पांचा पुतण्या स्टीवन बांधावर होता. कशाला माती, म्हणाला. म्हटलं, एका कामासाठी. तो म्हणाला की इथे भरतीचं खारं पानी शिरतं, कुंडीत घालू नको, झाड मरेल. मी नुसता हसलो. कुंडीच्या पलीकडे बघायची सवय नसते लोकांना.

ही लढाई पंजाबच्या बाजूला झाली, गासला नव्हे, हे मला माहीत आहे. पण माती ती माती. पस्तिसाव्या हिश्श्यात कोण ओळखणार आहे?

संध्याकाळी ७

माती चाळून, गोंदात कालवून चाकांना लावली. चोवीसच्या चोवीस. साखळ्यांना, पत्र्याला, बुरुजालाही थोडी. आता मात्र गाडी लढून आलीय.

३ डिसेंबर, बुधवार

चिखल सुकत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी ओला, दुपारी सुका, संध्याकाळी परत ओला. पंख्याखाली ठेवला. मर्सी म्हणाली की घरात आजारी माणसाला इतका वारा कोणी घातला नाही.

७ डिसेंबर, रविवार

चिखलावर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. जिभेने बघितली. मीठ. मातीतलं मीठ वर आलंय, चाकांवर छान पसरलंय. आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं, डिसेंबर, पंजाब, पहाटेचं दव. ठरवून करायला गेलो असतो तर जमलं नसतं.

खरं लिहायचं तर, अर्ध्या जेवणातून उठलो होतो. नऊ नोव्हेंबरचा फोटो मोबाइलमध्ये आहे. तो बघितला. मग बघायचं बंद केलं.

१० डिसेंबर, बुधवार

कौतुकाच्या राखीव दिवसांपैकी नऊ गेले. मीठ पुसायला गेलो तर गंज निघाला. गंज लावायला गेलो तर मीठ विरघळलं. ऑफिसात एका ट्रकच्या फोटोवर 'टोटल लॉस' लिहिण्याआधी फोटो दोनदा बघितला.

पप्पांनी आज मर्सीला तिच्या आईच्या नावाने हाक मारली. तिने ओ दिली.

१४ डिसेंबर, रविवार

एरॉलचा गोठा पूर्ण. एक दिवस आधीच. धबधब्यात यंदा दिवेही आहेत. बघायला गेलो. येऊन वैतागात टोपली जोरात उचलली, त्यात तोफेची नळी अडकली आणि मोडली. चिकटवली. जराशी खाली झुकली आहे. मानवंदना देतेय असं समजायला हरकत नाही.

स्टीवनला आणि एरॉलला मंगळवारी अकराला बोलावलंय. साक्षीदार हवेत.

१५ डिसेंबर, सोमवार

उद्या. ऑफिसात रजा टाकली. कारण: कौटुंबिक समारंभ. भाषण तयार केलं, चार ओळींचं. पूर्ण केलं.

१६ डिसेंबर, मंगळवार. सकाळी ८

पप्पांचा दिवस चांगला आहे! स्वतः दाढी केली. कोट घातला, पदकं लावली. मला बघून मान हलवली. देव मोठा आहे.

दुपारी ४.३०

जसं झालं तसं लिहितो. विमा कंपनीत हेच शिकवतात.

अकराला सगळे जमले. पप्पा व्हरांड्यात आरामखुर्चीत. मर्सीने केक ठेवला होता. मी भाषणाच्या दोन ओळी बोललो, तिसरी आठवेना, म्हणून टोपली उचलली.

पप्पा पुढे झुकले. चष्मा वर केला, खाली केला. एक मिनिट बघत होते, पुरतं एक मिनिट. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल. मी माझा रुमाल तयार ठेवला.

मग त्यांनी बोट पुढे केलं. चाकावरची माती खरवडली. चिमटीत चोळली. वास घेतला. जिभेच्या टोकाला लावली. आणि व्हरांडा हलेल अशा आवाजात, मिलिट्रीच्या हिंदीत विचारलं, 'ये गाडी गास कौन ले गया?'

स्टीवनच्या हातातला केक पडला.

पप्पा थांबलेच नाहीत. खालच्या तुकड्यातली माती आहे ही, खाऱ्या पान्याची, म्हणाले. तिथे गाडी नेली कोणी? कोणाच्या ऑर्डरने? आणि हा गंज? आपल्या गाडीवर गंज? आणि ही नळी कोणी पाडली? साहेब सकाळी इन्स्पेक्शनला येणार, त्यांना काय तोंड दाखवायचं? त्यांना लाज वाटत होती. माझ्या कामाची लाज, आणि ती त्यांना वाटत होती.

मी तोंड उघडलं. सांगणार होतो की पप्पा, हे वेदरिंग आहे, मुद्दाम केलंय. मुद्दाम केलंय, हे कसं सांगायचं ते कळेना.

पप्पा म्हणाले की रॉकेल आण, चिंध्या आण. मर्सी माझ्याकडे बघत होती. अडीच महिने माझे होते त्या टेबलावर. मी आत गेलो. रॉकेल मिळत नाही हल्ली, रंगाचं थिनर आणलं, आणि माझा जुना बनियन फाडून चिंध्या. स्टीवन आणि एरॉल हळूच निघून गेले. एरॉल जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेला. तेही सहन केलं.

मग आम्ही दोघं बसलो. पप्पा पुसायचे, मी धरायचो. तीन तास. कुठल्या झाकणाखाली काय असायचं ते सांगत होते. इथे चहाची किटली. इथे तोफेत गोळे भरणाऱ्या लोडरचं ब्लँकेट. इथे लुसीची पत्रं, तेलकट व्हायची म्हणून प्लास्टिकमध्ये. बावीस वर्षांत यातलं एक अक्षर मी ऐकलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, सरप्राइज होतं ना. चाकं पुसताना म्हणाले की चिखल कधी ठेवायचा नसतो, सुकला की चाक अडतं. पुढची गाडी अडली होती. तिच्यातली चौघं बाहेर आली नाहीत. मग नुसतं पुसत राहिले. मी चिंधी बदलून दिली.

गंज गेला. मीठ गेलं. चिखल गेला. त्याबरोबर हिरवाही पुष्कळ गेला. जे उरलंय ते जवळजवळ नऊ नोव्हेंबरच्या गाडीसारखं दिसतं, फक्त म्हातारं.

शेवटचं चाक झाल्यावर पप्पांनी गाडी उन्हाकडे फिरवून बघितली. समाधान झालं असावं. माझ्या खांद्यावर हात ठेवला, जोरात दाबला, आणि म्हणाले, 'शाबास.'

बावीस वर्षं! लिहून ठेवतो: दुपारी २.१०, शाबास.

मग ते मर्सीकडे वळले. तिच्याशी घरच्या बोलीत बोलले. हा पोरगा कोण, म्हणाले. नवीन आलाय काय? कामाचा आहे. याला सोडू नको. तुझ्या नवऱ्यासारखा नाही हा. तो नुसतं सुरू करतो. हा बघ, शेवटपर्यंत बसला.

मर्सी म्हणाली, 'हो पप्पा.' मग आत गेली. स्वयंपाकघरात नळ बराच वेळ चालू होता.

संध्याकाळी ७

शांतपणे विचार केल्यास मूळ उद्दिष्ट साध्य झालं आहे. शाबास मिळाली. नावाचा तेवढा तांत्रिक मुद्दा आहे. अशा वेळी आम्ही क्लेम नाकारत नाही, कागदपत्रं मागवतो.

मर्सी आत्ता येऊन शेजारी बसली. चहा आणला होता, दोन कप. तिचा हात धरला.

१७ डिसेंबर, बुधवार. सकाळी ६.४०

पप्पा पाचलाच उठले. कोट घालून व्हरांड्यात. मर्सीला सांगितलं की त्या नव्या पोराला पाठव, दव पडलंय, गाडी पुसायची आहे.

मी गेलो. चिंध्या घेऊन गेलो. बारा चाकं झाली.

तेराव्याला पप्पांनी विचारलं की डेरिक कुठे आहे, दिसत नाही.

कामावर गेलाय, म्हणालो.